बॉसवर्थ हेरिटेज सेंटर: म्युझियम एका टेकडीवर, लढाई भलतीकडेच!

इंग्लंडमध्ये लेस्टरला कोणाकडे आला असाल आणि एक दिवस मोकळा असेल तर हे नक्की करा, फक्त आधीच सांगून ठेवते की सेंटर ज्या अँबियन हिलवर आहे तिथे बॉसवर्थची मुख्य लढाई (इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिच्यात मारला गेला ती) झालीच नव्हती 😄 १९७४ ला सेंटर काढलं तेव्हा सगळे हीच जागा धरून चालले होते, मग २००५ पासून पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोअर्ड आणि त्यांच्या टीमने मेटल डिटेक्टर घेऊन आजूबाजूची शेतं अक्षरशः विंचरून काढली आणि कळलं की २२ ऑगस्ट १४८५ ची ती लढाई इथून साधारण ३ किमीवर, फेन लेन नावाच्या रस्त्याच्या आसपास झाली.

आणि हे सेंटरवाल्यांनी लपवलेलं नाही, उलट शोध कसा लागला तेच नीट मांडलंय, मला तर राजाराण्यांच्या गोष्टीपेक्षा तोच भाग जास्त आवडला. जुन्या वर्णनांत दलदल येते, तर मातीचे नमुने काढून त्या काळी दलदल नेमकी कुठे होती ते आधी बघितलं. शिशाचे तोफगोळे तर ३० च्या वर सापडलेत, आणि आपण समजतो सगळं तलवारी-भाल्यांवरच चाललं होतं!

पण खरा हिरो म्हणजे रानडुकराचा बिल्ला. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा, अगदी छोटासा. पांढरा रानडुक्कर हे तिसऱ्या रिचर्डचं चिन्ह, त्यात चांदीचा म्हणजे घालणारा राजाच्या जवळचाच कोणीतरी असणार, आणि सापडला जुन्या दलदलीच्या कडेला, त्यामुळे रिचर्ड तिथेच कुठेतरी पडला असावा असं मानतात. काचेला नाक लावून बघा, नाहीतर चिलखतं बघण्याच्या नादात सरळ पुढे जाल.

खटकलं एवढंच की खरी रणभूमी म्हणजे लोकांची शेतं, त्यात मनासारखं हिंडता येत नाही, आणि टेकडीवर झेंडे, वारा आणि व्ह्यू. गाडी असेल तर बरं. (आपल्या पानिपतची शेतं कोणी अशी चाळली तर काय काय निघेल असं सारखं डोक्यात येत होतं.)

माझे ५ पैकी ४. आधी हे बघा, मग लेस्टरमध्ये २०१२ ला कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा सापडला ती जागा, कवटीवरच्या जखमांचं वाचताना मग सगळं बरोबर लागतं. कॅथीड्रलमधली त्याची कबर तिथून चालत दोन मिनिटांवर आहे, तीही करून टाका.