मोठ्यांच्या वर्गासाठी सुट्या अक्षरकार्डांचा डबा: घ्यावा का, आणि घेतल्यावर काय बदलावं

नागपूर-अमरावतीपासून तालुक्याच्या गावापर्यंत शालेय साहित्याच्या दुकानात सुट्या अक्षरकार्डांचा डबा मिळतो. ५२ वर्णांची कार्डं, काना-मात्रा-वेलांट्यांची वेगळी कार्डं, एक घडीचा तक्ता आणि शाबासकीच्या चांदण्यांचे स्टिकर. माल अंगणवाडी आणि पहिलीसाठी बनवलेला आहे. पण आठवीत येऊनही वाचता न येणारी आश्रमशाळेतली मुलं आणि संध्याकाळच्या साक्षरता वर्गाला येणारे चाळिशी-पन्नाशीचे लोक यांच्यासाठीही हाच डबा घेतला जातो, कारण मोठ्यांसाठी वेगळं काही दुकानात नसतंच. हे परीक्षण त्याच वापराचं आहे. डबा घ्यावा, पण जसाच्या तसा वापरू नये.

घ्यावा तो कार्डं सुटी आहेत म्हणून. भिंतीवरचा चौदाखडीचा तक्ता स्वस्त पडतो, पण या वर्गासाठी तोच सगळ्यात फसवा. सात-आठ वर्षं शाळेत बसलेल्या मुलाला ‘म मा मि मी’ चालीवर पाठ असतं. बोट सरकवत तो अख्खी ओळ म्हणतो आणि शिकवणाऱ्याला वाटतं, येतंय. बाकीची ओळ हातानं झाकून एकटं ‘मे’ दाखवा. तो मनातल्या मनात ‘म’पासून चाल धरतो, नाहीतर गप्प बसतो. त्याला चाल येते, अक्षर येत नाही. कार्डं पिसून समोर टाकली की हे पाच मिनिटांत उघडं पडतं. शिकवायला बसण्याआधी कोण कुठे आहे हे पाहायला ‘असर’ या शालेय सर्वेक्षणाची वाचनचाचणी वापरावी. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा तिच्या पायऱ्या आहेत. पाच अक्षरांपैकी चार ओळखली तर अक्षराची पायरी आली असं धरतात. माणशी काही मिनिटांचंच काम आहे.

आता दोष. पहिला चित्रांचा. ‘अ अननसाचा’ शिकताना पन्नाशीच्या काकाजींना अवघडल्यासारखं होतं हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. चित्र पाहून माणूस त्या वस्तूचं नाव सांगतो, अक्षर पाहतच नाही. मेळघाटातल्या कोरकू घरात किंवा गडचिरोलीच्या माडिया घरात त्या वस्तूचं पहिलं नाव मराठीत नसतं, म्हणजे चित्राचा तेवढा आधारही राहत नाही. चित्रावर पांढरा कागद चिकटवून टाका. स्टिकर बाजूलाच ठेवा. मोठ्या माणसाला स्वतःहून वाचलेला शब्द पुरतो.

दुसरा दोष वळणाचा. काही डब्यांत ल आणि श हिंदी वळणाचे छापलेले असतात आणि ळ नसतोच. मराठीसाठी या अक्षरांचं वळण ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ठरवून दिलं आहे, पाठ्यपुस्तकातही तेच आहे. मोबाईलवर मात्र बहुधा हिंदी वळण दिसतं. म्हणून आधी मराठी वळण पक्कं करा आणि महिन्याभरानं दुसरं ओळखीपुरतं दाखवा. ख नीट जोडलेला आहे का तेही बघा. सुटा छापला असेल तर नवशिका त्याला ‘रव’ वाचतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

तिसरा दोष क्रमाचा. डब्यातल्या पुस्तिकेप्रमाणे क, ख, ग, घ, ङ असं गेलं तर पहिल्या आठवड्यात वाचण्याजोगा शब्द जवळपास तयारच होत नाही, आणि ङ तर क्वचितच लागतो. ऋ, ङ, ञ काढून ठेवा. व, र, क, म, स, त, प, न आणि काना एवढंच घेऊन बसा. यातून वावर, काम, मका, सात, नाव, माप, वारा, पान, सासर निघतात. वेलांटी आली की सरकी, दीर्घ उकार आला की तूर आणि कापूस. व पक्का झाल्यावर ब द्या, म्हणजे सातबारा वाचता येतो. हा शब्द स्वतः वाचल्यावर शेतकरी माणूस वर्ग सहसा सोडत नाही. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं नाही.

डब्यातली काना-मात्रेची कार्डं मात्र कुचकामी आहेत. कागदी असल्यामुळे ती अक्षराच्या शेजारी ठेवावी लागतात आणि अक्षर-खूण एकजीव दिसत नाही. पारदर्शक प्लास्टिक फाईलच्या पट्ट्या कापून त्यावर पक्क्या शाईच्या मार्करनं खुणा काढा आणि त्या अक्षराच्या कार्डावर ठेवा. क तोच राहतो, पट्टी बदलली की का, की, कू, के होतो. ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात त्रास देते, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते. बरेच जण ‘कि’ला ‘इक’ म्हणतात. आधी नुसतं म चं कार्ड ठेवून ‘म’ म्हणवून घ्या, मग डावीकडून वेलांटीची पट्टी आणून ‘मि’. डोळ्यापुढे म आधी आलेला असला की गोंधळ कमी होतो. रफाराचंही तसंच. ‘वर्धा’ शिकवताना व, र, धा अशी तीन कार्डं लावून वाचून घ्या, मग मधलं र उचलून त्याच्या जागी धा च्या डोक्यावर रफाराची पट्टी ठेवा. जोडाक्षरांना हात सगळ्यात शेवटी.

सरावासाठी एसटीच्या पाट्या उत्तम. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची नावं जणू यासाठीच रचली आहेत. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या सातांत जोडाक्षर नाही, अनुस्वारही नाही. भंडारा आणि गोंदियात फक्त अनुस्वार. वर्धा आणि चंद्रपूर शेवटी. ही नावं कोऱ्या कार्डांवर लिहून डब्यात घाला.

वाचून घेताना एक जपायचं. वऱ्हाडीत शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया, पाण्याला पानी. समोर ‘शाळा’ लिहिलेलं असताना कुणी ‘शाया’ म्हणालं तर त्यानं बरोबर वाचलं आहे. तिथे अडवून ळ चा उच्चार घोकून घेतला की माणूस पुढच्या वेळी तोंड उघडायला कचरतो. लिहिताना ळ आला म्हणजे झालं.

अक्षराचा आकार चांगला आहे, पण चाळिशीपुढच्यांना तोही धूसर दिसू शकतो. अक्षरांकडे वळण्याआधी सुईत दोरा ओवायला सांगा. जमत नसेल तर आधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून चष्मा. लॅमिनेशन चकचकीत आहे, उघड्या एलईडी बल्बखाली कार्डावर नुसता उजेडच दिसतो. दिवा समोर न ठेवता बाजूला घ्या. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कडा सुटून कार्डं वाकतात, म्हणून कडांना पहिल्याच दिवशी चिकटपट्टी मारा. अंकांची कार्डं फक्त देवनागरी आहेत. नोटेवर आणि मोबाईलवर 1, 2, 3 असतात, तेही वेगळे करून घाला.

१५ वर्षांवरच्यांसाठीच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. या डब्यानं वाचनाची सुरुवात होते, लेखनासाठी पाटी किंवा चौकटीची वही वेगळी लागेल आणि परिच्छेदापुढे गोष्टींची पुस्तकं.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी ऐन भरात आली की वर्ग रिकामा होतो, गडचिरोलीकडे उन्हाळ्यात तेंदूपानाला. महिनाभर खंड पडला की निम्मी अक्षरं पुसट होतात. यासाठी प्रत्येकाची पक्की झालेली कार्डं त्याच्या नावाच्या पाकिटात घरी द्या आणि परत आल्यावर त्या पाकिटापासून धरा, पहिल्या धड्यापासून नाही. एका डब्यात हे बसत नाही. दहा जणांच्या वर्गाला नमुना म्हणून एकच डबा घ्या, आणि पाकिटांतली कार्डं कोऱ्या जाड कागदावर काळ्या मार्करनं हातानं लिहा.