बाप्तिस्मा कोणत्या शब्दांनी: त्रिएक नावाने की येशूच्या नावाने?

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी; तो देताना कोणते शब्द उच्चारायचे यावर वाद आहे. बायबलमधल्या मत्तय २८:१९ मध्ये येशूची आज्ञा स्पष्ट आहे: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हेच शब्द उच्चारतात. हे वचन नंतर घुसडले असे काही जण म्हणतात, पण ते ज्या ग्रीक हस्तलिखितांत टिकले आहे, त्या सर्वांत याच रूपात आढळते.

‘येशूच्या नावाने’ म्हणणाऱ्यांचा आधार बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, येशूचा शिष्य पेत्र तेच सांगतो (२:३८). शोमरोनात (८:१६), कर्नेल्याच्या घरी (१०:४८) आणि इफिसात (१९:५) तेच. चार दाखले, आणि तिन्ही नावांचा एकही नाही! हा मुद्दा झटकून टाकणे मला अप्रामाणिक वाटते. वननेस पेन्टेकॉस्टल (त्रिएक देव न मानणाऱ्या) मंडळ्या यावरच उभ्या आहेत. ही चळवळ १९१३-१४ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली.

तरीही मला पहिली, म्हणजे त्रिएक नावाची बाजू भक्कम वाटते, ती ‘डिडाखे’मुळे. या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेच्या सातव्या अध्यायात बाप्तिस्मा तिन्ही नावांनी द्यायला सांगितले आहे. नवव्या अध्यायात त्याच लोकांना ‘प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले’ म्हटले आहे. म्हणजे पाण्यात उच्चारायचे शब्द वेगळे आणि त्या विधीची ओळख वेगळी असू शकते. इफिसचा प्रसंगही पाहा: पवित्र आत्म्याविषयी ऐकलेच नाही असे शिष्य म्हणताच प्रेषित पौल लगेच विचारतो, मग तुमचा बाप्तिस्मा कशाचा? म्हणजे बाप्तिस्म्यात पवित्र आत्म्याचे नाव येतच असावे, असे मला वाटते.