शेवाळाचं औषध म्हणून मोरचूद विकलं! रीफ टँकवाल्यांनी वाचा

माझ्या रीफ टँकची, म्हणजे कोरल (पोवळी) आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकची, देखभाल करणाऱ्याने मला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, औषध म्हणून विकलं. त्याला दिलेले पैसे असे: सहा महिन्यांच्या मेंटेनन्सचे 9,000 रुपये आगाऊ. "इम्पोर्टेड" औषधाच्या दोन बाटल्या, 3,800 ला एक, म्हणजे 7,600. आरओडीआय पाण्याचे (क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी) 20 लिटरचे दहा जार, लिटरला 12 रुपये, म्हणजे 2,400. झाले 19,000. शिवाय मेलं ते वेगळं: लेदर कोरल 6,500, क्लीनर श्रिंपची जोडी 3,600, टर्बो गोगलगायी 1,800. एकूण 30,900 रुपये. हिशेब मुद्दाम मांडते आहे, कारण तक्रार द्यायला गेले तर मलाच विचारलं गेलं, "माशांचं असून असून किती नुकसान असणार?"

ॲडव्हान्स घेऊन पसार होणारे मेंटेनन्सवाले आपल्याला नवीन नाहीत. हा मात्र पसार झाला नाही. हा वेळेवर यायचा, "ताई, ताई" करायचा, काच चकचकीत पुसून द्यायचा. आणि ज्या पाण्याने शेवाळ माजतं ते पाणी स्वतःच आणून टँकमध्ये ओतायचा. मग त्याच शेवाळावर औषध विकायचा. मला संताप येतो तो याचा.

त्याचं पाणी सुरू होण्याआधी माझ्या दगडांवर शेवाळाचा मागमूस नव्हता. नंतर हिरवी हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) अशी वाढली की झोआंथिड, म्हणजे फुलासारखे उघडणारे मऊ जीव, उघडेनात. हा म्हणाला, "ताई, हा आजार आहे, डोस द्यावा लागेल." शेवाळाला खतासारखं पोसणारं नायट्रेट मोजलं नाही, फॉस्फेट मोजलं नाही. टेस्ट किट बाहेर न काढता जो औषधाचं नाव घेतो त्याला दारातूनच परत पाठवा.

बाटलीवर छापलं होतं: हेअर अल्गी, लाल सायनो, तपकिरी डायनो, सगळ्यांवर एकच उपाय, रीफ सेफ (म्हणजे कोरल, श्रिंप, गोगलगायींना अपाय नाही). अहो, सायनो हे मुळात शेवाळच नाही, ते बॅक्टेरिया आहेत. डायनो (एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट) तर बरेचदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावरच उसळतात, म्हणजे हेअर अल्गीच्या नेमकं उलट. ब्रायोप्सिस नावाच्या शेवाळावर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध चालतं, ते सायनोवर काही करत नाही. तिघांना एकच बाटली असूच शकत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. माझ्यासमोर इंग्रजी लेबलची सीलबंद बाटली होती आणि ज्या दुकानातून मी मासे घेते त्या दुकानदाराने नाव सुचवलेला माणूस होता. अशा वेळी कोण शंका घेतं?

पण एक क्षण डोक्यातून जात नाही. त्याने डोस पांढऱ्या प्लास्टिकच्या मगात मोजला. रंग निळा, स्वच्छ निळा. माझं माहेर निफाडचं. द्राक्षबागेत बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचूद भिजत घातलेली पिंपं मी लहानपणापासून बघत आले आहे. तो रंग माझ्या डोळ्यांसमोर होता, मगाच्या कडेला त्याचा ओघळसुद्धा दिसत होता. तेवढ्यात तो म्हणाला, "गोगलगायी दोन दिवस बादलीत काढून ठेवा. श्रिंप हाती लागला तर तोही." मी विचारलं, बरं का! रीफ सेफ आहे तर काढायच्या कशाला? उत्तर तयार होतं: "मेलेलं शेवाळ खाल्लं की त्यांना बाधतं." ऐकायला पटण्यासारखंच होतं. विचारायचं ते मी विचारलं होतं, खोटं बोलला तो.

श्रिंप दगडात लपलेले, सापडले नाहीत. सकाळी दोन्ही वाळूवर आडवे. शेवाळ पांढरं पडलं, म्हणून मी दुसऱ्या बाटलीचे पैसे दिले. गोगलगायी परत सोडल्या, त्या एकेक करून काचेवरून गळून पडल्या. मग लेदर कोरल आक्रसलं ते पुन्हा फुललंच नाही. मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजलं आणि पंधरवड्यात नवीन उगवलं.

मोरचुदात तांबं असतं, म्हणून एका ओळखीच्या रीफवाल्याकडून कॉपर टेस्ट किट आणलं. तांबं 0.3 मिलिग्रॅम प्रति लिटर. आजारी माशांना वेगळ्या हॉस्पिटल टँकमध्ये तांबं देतात ते 0.15 ते 0.20, आणि तिथे गोगलगाय, श्रिंप, कोरल काही ठेवत नाहीत, कारण तांब्याने ती मरतात. मग शिल्लक जारमध्ये पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन बुडवलं. आरओडीआयला 0 यायला हवा. आला 148. म्हणजे नळाचं पाणी, लिटरला 12 रुपयांनी. पेन साडेतीनशेला मिळतं. जार आत घ्यायच्या आधी पेन बुडवा, आणणाऱ्याच्या देखत.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात पहिलं वाक्य: "मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, खोटं लेबल लावून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 बघा. तर साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. वर प्रश्न, "एवढे पैसे माशांवर घालता?" मी माझे पैसे कशावर घालते हा तपासाचा भाग आहे का? एका हेल्पलाइनने पक्कं बिल मागितलं. बिल असतं तर रडायचं काय होतं! औषधांच्या ऑफिसात सांगितलं, माशांचं आमच्याकडे येत नाही. कुणाकडे येतं, तेही सांगेनात. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे मोबाइल नंबर आणि यूपीआय, तोही भलत्याच नावाचा. बँक म्हणते, खातेदाराची माहिती देता येत नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुसरंच नाव आलं तर तिथेच थांबा.

मी फोन केला तेव्हा त्याने मलाच दम दिला: "तक्रार केलीत तर वनखात्याची धाड तुमच्या टँकवर पडेल." बरेच जण इथेच गप्प बसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये कडक पोवळी आहेत, ती ठेवूच नका. माझ्याकडे फक्त लेदर, मशरूम आणि झोआंथिड, सगळी मऊ, म्हणून मी त्याला म्हटलं, खुशाल बोलाव.

तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, नंतर हळूहळू सुटत राहतं. कार्बन आणि तांबं शोषणारं मीडिया घालूनही त्या दगडांवर पुन्हा श्रिंप सोडायची माझी हिंमत नाही. त्याचा नंबर अजून चालू आहे. असली निळी बाटली तुमच्या घरात असेल तर टँकमध्ये एक थेंब घालू नका आणि बेसिनमध्येही ओतू नका. लेबलसकट जपून ठेवा, पेमेंटचे स्क्रीनशॉट काढा आणि मला कळवा. दोन-चार बाटल्या एकत्र टेबलावर ठेवल्या तर ठाण्यात "सिव्हिल मॅटर" म्हणणं त्यांना जड जाईल.