रोखीचा भाव आणि एक्स्चेंजचा भाव: पुण्यातील एका शस्त्रविक्रेत्याकडचा अनुभव

वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक विकायची म्हणून मी गेल्या वर्षी पुण्यातील एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. पुढे थोडी तक्रार येणार असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही; मात्र जुने परवान्यावरचे शस्त्र विकून काढताना भावाचे गणित कसे मांडले जाते, हे कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

ही बंदूक वेब्ली अँड स्कॉट कंपनीची, बर्मिंगहॅम येथे घडलेली. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या शेतीला रानडुकरांचा उपद्रव असे, तेव्हा वडिलांनी ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली होती. त्यांच्या पश्चात वारसांची ना-हरकत पत्रे जोडून ती माझ्या परवान्यावर आली. माझ्याकडे आधीच कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर होते आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली असल्यामुळे, रविवारच्या नेमबाजीसाठी .२२ रायफल घ्यायची तर दोहोंतील एक शस्त्र काढणे भाग होते. शेती आता खंडाने दिलेली आहे. तेव्हा दुनळीच काढायची ठरली.

दुकानातील तपासणीबद्दल पूर्ण गुण द्यावे लागतील. मालकांनी बंदूक सांध्यातून उघडून पुढचे लाकूड काढले, नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या, मग त्या एका बोटावर टांगून लाकडी पेन्सिलीने हलकेच टकटक केली. नाद घंटेसारखा स्वच्छ आला, म्हणजे दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटलेली नाही. डाव्या नळीत मात्र गंजाने पडलेले बारीक खड्डे त्यांनी मलाही दाखवले. प्रूफ हाउसच्या (नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्यांशेजारी चेंबरची, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेची, लांबी अडीच इंच (साधारण ६५ मिलीमीटर) अशी कोरलेली होती, त्यामुळे ७० मिलीमीटरची काडतुसे हिच्यात वापरणे धोक्याचे आणि गिऱ्हाईक त्या मानाने कमी, असेही त्यांनी सांगितले. हे खरेच आहे. पण भाव सांगण्यापूर्वी सांगितलेले खरे हे नेहमी विकणाऱ्याला खाली आणण्यासाठीच असते.

रोखीने बत्तीस हजार, एक्स्चेंजमध्ये पन्नास, असे दोन आकडे आले. (या व्यवसायात रोख म्हणजे नोटा नव्हेत, बदल्यात दुसरे शस्त्र न घेता केलेली विक्री, पैसे बँकेतूनच येतात.) अठरा हजारांचा फरक ऐकून कोणीही एक्स्चेंजकडे वळेल आणि मीही वळलो. दुकानात चेकोस्लोव्हाकियात बनलेली जुनी ब्रनो .२२ रायफल होती, तिची किंमत एक लाख पासष्ट हजार, म्हणजे मला वर एक लाख पंधरा हजार द्यायचे होते. पावती लिहायला घेतली तेव्हा मी सहज विचारले, की माझी बंदूक बाजूला ठेवा, ब्रनो नुसती विकत घेतली तर किती? मुनीमजींनी मालकांकडे पाहिले. मालकांनी चष्मा पुसला आणि एक लाख अठ्ठेचाळीस हजार सांगितले.

आता हिशेब पाहा. एक्स्चेंज केले तर खिशातून एक लाख पंधरा हजार जाणार. दुनळी बत्तीस हजारांना रोखीने देऊन ब्रनो एक लाख अठ्ठेचाळीस हजारांना घेतली तर एक लाख सोळा हजार. अठरा हजारांचा तो मोठा फायदा प्रत्यक्षात एक हजाराचा निघाला! मग मी कारखान्याच्या छापील दराने मिळणाऱ्या नव्या .२२ रायफलीवर एक्स्चेंज मागून पाहिले, तर माझ्या दुनळीचा भाव पन्नासवरून पस्तीसवर उतरला. जिथे किंमत दुकानदाराच्या हातात, तिथे तो उदार. जिथे ती छापलेली, तिथे त्याला उदार होणे परवडत नाही.

यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या ब्रनोला ठरावीक असा भावच नाही. शिवाय मर्यादा दोनवर आल्यावर बऱ्याच जणांनी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ठेवून बंदूक काढली, त्यामुळे दुनळ्या दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतात, असे मालकांचे म्हणणे होते आणि मागच्या कपाटातील रांग पाहून ते पटलेही. बत्तीस हजारांत त्यांच्या थांबण्याचे मोल धरलेले होते. माझा आक्षेप एवढाच, की दोन्ही आकडे एका कागदावर मांडून द्या असे म्हटल्यावर ‘साहेब, तसा रिवाज नाही’ असे उत्तर मिळाले.

अखेर भोरकडच्या एका परवानाधारक शेतकऱ्याने बंदूक थेट माझ्याकडून पंचावन्न हजारांना घेतली. ओळखीतून गिऱ्हाईक मिळाले तरी काम लगेच होत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. शिवाय घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा आणि शस्त्र खरेदीची परवानगी दोन्ही हवे. मला कागदपत्रांसह तीन महिने लागले. रोखीच्या भावापेक्षा तेवीस हजार जास्त मिळाले, त्यातून हेलपाटे आणि एका रजेचा दिवस वजा करावा. ज्याला घाई आहे किंवा ज्याचे घर दूरच्या जिल्ह्यात आहे, त्याने दुकानाचे बत्तीस हजार घेतले तर मी त्याला चुकीचे म्हणणार नाही.

ब्रनो मात्र मी याच दुकानातून, एक लाख अठ्ठेचाळीस हजारांनाच घेतली. नोंदी बिनचूक झाल्या आणि रायफल सांगितल्याप्रमाणेच निघाली. दरम्यानचे तीन महिने दुनळीही यांच्याच ताब्यात, महिना पाचशे रुपये दराने जमा होती. सोडवताना उजव्या नळीवर बाहेरून गंजाचा एक नवा ठिपका दिसला; दाखवल्यावर मुनीमजींनी तो तेलाच्या फडक्याने घासून काढला आणि शेवटच्या महिन्याचे पाचशे बिलातून वजा केले.