न्यूटनचं घर की डार्विनचं? लंडनहून एकच दिवस असेल तर

गाडी हाताशी नाही, दिवस एकच आहे आणि मन न्यूटनचं वूल्सथॉर्प मॅनर आणि डार्विनचं डाउन हाउस यांच्यात अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही ठिकाणं मनापासून बघण्यासारखी आहेत. फरक पडतो तो पोहोचण्यात.

वूल्सथॉर्पला जायचं तर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून ग्रँथमपर्यंतचा रेल्वेचा तास-सव्वा तास आरामात जातो. घोडं अडतं ते पुढच्या साधारण सात मैलांवर. कोल्स्टरवर्थकडच्या (घराजवळचं गाव) बस मोजक्या, रविवारी तर धरूच नका. टॅक्सीने गेलात तर परतीची टॅक्सीही आधीच सांगून ठेवा. आणि ग्रँथमजवळ वूल्सथॉर्प नावाची दोन गावं आहेत. न्यूटनचं वूल्सथॉर्प-बाय-कोल्स्टरवर्थ दक्षिणेला, तर वूल्सथॉर्प-बाय-बेल्वॉर पश्चिमेला. नुसतं ‘वूल्सथॉर्प’ म्हटलं की भलत्याच गावात उतरायची वेळ येते आणि दुपार हातची जाते. त्यामुळे चालकाला पोस्टकोडच दाखवा. माझं पारडं फिरलं ते या शेवटच्या टप्प्यामुळेच.

डाउन हाउसला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून रेल्वेने ब्रॉमली साउथ, आणि तिथून १४६ नंबरची बस. ती साधारण तासाला एक, पण रविवारीही असते. ऑर्पिंग्टनहून येणारी आर-८ रविवारी नसते. डाउन गावातल्या चर्चपाशी उतरून दहाएक मिनिटं चालायचं. रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी पदपथ नाही, तेव्हा वाहनांकडे लक्ष असू द्या. बसमधून उतरतानाच परतीची वेळ बघून ठेवा.

आत गेल्यावर दोन्हींची जातकुळीच वेगळी. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा, १६६५-६६ मध्ये, न्यूटन वूल्सथॉर्पला परतला. पण आतलं सामान त्या काळाला साजेसं मांडलेलं आहे, त्याच्या हातचं नव्हे. खरा ऐवज बाहेर आहे, ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचं सफरचंदाचं झाड. १८२० च्या सुमारास वादळात ते आडवं झालं, पण मुळं शाबूत राहिली आणि पुन्हा फूट आली. लोकांच्या पायांनी मुळांवरची माती दबते, म्हणून भोवती बुटकं कुंपण आहे. झाड त्याच्या बाहेरूनच बघायचं.

डार्विन मात्र १८४२ पासून १८८२ मध्ये जाईपर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, एकाच घरात राहिला आणि ते राहणं अजून दिसतं. अभ्यासिकेत चाकं लावलेली खुर्ची आहे. तिच्या हातांवर आडवी फळी टाकून तो लिहायचा. हिरवळीवर गांडुळांचा दगड आहे. गांडुळं खालची माती वर आणतात, तसा दगड खचत जातो. किती खचला ते मधल्या भोकातल्या, खोल रोवलेल्या दांड्यावरून मोजायचं. तिथला दगड प्रतिकृती असला तरी वाकून नीट बघा, मोजणीची युक्ती लगेच उमगते. काचघर बघून सँडवॉकवर, म्हणजे डार्विनच्या रोजच्या फेरफटक्याच्या वाटेवर, निघा. फेऱ्या मोजायला डार्विन गारगोट्या रचून ठेवायचा आणि दर फेरीला एक पायाने उडवायचा. पावसानंतर वाटेवर चिखल असतो, तेव्हा बूट त्या बेताने घाला.

सभासदत्वाचं लक्षात ठेवा. दोन्ही घरं वारसा जपणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत: डाउन हाउस इंग्लिश हेरिटेजकडे, वूल्सथॉर्प नॅशनल ट्रस्टकडे. एकाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही.

गणित-भौतिकीची ओढ असणाऱ्याला माझं म्हणणं कदाचित पटणार नाही, आणि ते रास्तच आहे. पण बसने जायचं असेल तर मी डाउन हाउसच सुचवेन. गाडी असेल तर प्रश्नच मिटला. वूल्सथॉर्प ए-१ महामार्गापासून जवळ आहे, उत्तरेकडे जाता-जाता होतं. तेव्हा मेच्या सुरुवातीचा सुमार धरा. झाड फुललेलं सापडण्याची शक्यता चांगली असते.