मेटलवाल्या भाच्याला आधी काय ऐकवावं: अभंग की नाट्यपद?

"मामा, क्लासिकल सुरू करायचंय, काय ऐकू?" भाच्यानं विचारलं. कानात कायम मेटल, म्हणजे दणदणीत रॉक. पाऊण तासाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल दिला असता तर गडी पाचव्या मिनिटाला पळाला असता.

अभंग सोपा. भीमसेन जोशींचं 'तीर्थ विठ्ठल' लावलं की मान आपोआप डोलते. शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची, आणि अहिरभैरव राग नकळत कानात मुरतो. अडचण तीच, राग भक्तीत दडून राहतो. पोरगं "आजीची गाणी" म्हणून मोकळं होतं.

नाट्यपदात गायकी थेट अंगावर येते. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या संगीत नाटकात जितेंद्र अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद' दोन वेगळ्या चालींत बांधलं. शब्द तेच, घराणं म्हणजे गाण्याची परंपरा बदलली की स्वभावच निराळा! लागोपाठ ऐकवा, व्याख्यानाची गरज नाही. शिवाय गिटार सोलोला सरावलेला कान वसंतराव देशपांड्यांच्या तानेवर टवकारतोच.

मी कट्यारच दिली. अभंग आषाढीला बघू. बदल्यात त्यानं मला आयर्न मेडन हा मेटल बँड दिलाय. दोन गाणी झालीत. ड्रम जरा जास्तच आहेत बुवा.