जुनी टर्बो सेडान आणि फिरवलेलं मीटर : सोलापुरातला अनुभव

सोलापुरात जुनी, पळणारी सेडान शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अशा गाड्या इथल्या बाजारात मुळातच कमी. ज्या येतात त्या बहुतेक पुण्याच्या, एमएच १२ किंवा १४ पासिंगच्या. मी घेतलेली तशीच होती : २०१६ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १८० पीएस, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. विकणारा शहरातल्या एका कार बाजारातला. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड. घर ते हॉस्पिटल एवढीच फिरलीय." मीटरवर ५८ हजार किलोमीटर. सर्व्हिस बुकाच्या पानापानावर शिक्का, सही, तारीख. सौदा साडेसात लाखांना ठरला.

ट्रायलला त्याने सकाळी सातला बोलावलं, नंतर ऊन फार होतं म्हणून. मी पोचलो तर बॉनेट गरम. "आत्ताच धुऊन आणली," म्हणाला, आणि गाडी खरंच ओली होती. पुणे रस्त्याने केगावच्या पुढपर्यंत नेली. ओढ जबरदस्त, कुठे झटका नाही, बोर्डावर एकही दिवा नाही.

यातली एकूण एक गोष्ट ठरवून केलेली होती. या इंजिनांत आतले भाग एका तालात फिरवणारी टायमिंग चेन असते आणि ती ताठ ठेवणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. चेन ताणलेली किंवा टेन्शनर थकलेला असला, तर रात्रभर उभ्या गाडीला स्टार्टर मारल्यावर पहिले काही सेकंद खडखडाट ऐकू येतो. तेल वर चढलं की आवाज बंद. म्हणून इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. आणि सकाळची वेळ गिअरबॉक्ससाठी. हा क्लच सुका असतो, तेलात बुडालेला नसतो. तो तापतो ते मोकळ्या हायवेवर नाही, तर थांबत-सरकत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. थकलेला क्लच गारव्यात, मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखा वागतो.

मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्यावर गाडीने दगा दिला. आई मागे बसलेली. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली, बोर्डावर गिअरची खूण लुकलुकली आणि खेळ खलास. डी मध्ये इंजिन फिरतंय, चाकं जागची हलत नाहीत. मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी दोन रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला लावून दिली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जुन्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. क्लचच्या प्लेटा निळ्या पडलेल्या, हात लावला तर बोटांना जळका वास. अण्णांनी मला एअर फिल्टरच्या बाजूला बोलावलं आणि टॉर्च धरली. रबरी पाइपवर दोन क्लिपांचे व्रण होते : एक आता बसवलेल्या क्लिपचा, दुसरा तिच्या शेजारी रुंद, जुना. "इथं दुसरा इनटेक होता बघा, इंजिनाला जास्त हवा देणारा. गाडी ट्यून केलेली आहे. विकताना परत कंपनीसारखी केली." लॅपटॉप लावला, तर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, सॉफ्टवेअर पुन्हा भरल्याची नोंद निघाली.

हे नीट समजून घ्या, कारण फास्ट सेडानची खरी मेख इथे आहे. या सुक्या क्लचच्या गिअरबॉक्सची टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि कंपनीने इंजिनातून टॉर्कही तेवढाच सोडलेला. रिमॅप केलं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, की इंजिन सहज त्याच्या पुढे जातं. इंजिनाला ते झेपतं, क्लचला झेपत नाही. मग क्लच संपत आला की जुनं सॉफ्टवेअर परत भरायचं, एरर कोड पुसायचे आणि गाडी "डॉक्टरांची" म्हणून विकायची. माझा दुरुस्तीचा खर्च अडीच लाखांच्या पुढे गेला.

मग चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या नोंदीत शेवटची सर्व्हिस २०२१ ची, १,१४,००० किलोमीटरला. सर्व्हिस बुक पूर्णपणे बनावट. आता पाहिलं तर सगळे शिक्के एकाच शाईचे, एकाच तिरकसपणाने मारलेले दिसतात.

तुम्ही गाडी बघायला जाल, तेव्हा बॉनेट गरम लागलं तर चावी परत द्या आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडी बघायची म्हणून सांगा. ट्रायल दुपारी घ्या, नवी पेठेत, पार्क चौकात, जिथे पहिल्या गिअरमध्ये सरकावं लागतं. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर स्वस्तात मिळतो. तो लावून नुसते एरर कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. कोड नुकतेच पुसले असतील तर ते अपूर्ण दिसतात. विकणाऱ्याला कोड पुसता येतात, पण मॉनिटर पूर्ण व्हायला गाडी नीट चालवावी लागते. काही गाड्यांत आतल्या संगणकात, म्हणजे कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटरची वेगळी नोंद राहते. ती मीटरशी ताडून बघायला सांगा. सर्व्हिसचा इतिहास पुस्तकातून नको, चॅसिस नंबरवरून कंपनीच्या सेंटरमधूनच काढा. सहा गिअरचा ओल्या क्लचचा गिअरबॉक्स असेल तर ६० हजार किलोमीटरला त्याचं तेल बदलल्याचं बिल मागा.

आणि विकणाऱ्याकडे आरटीओचं प्राधिकरण प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं. माझ्या विक्रेत्याने ते शेवटपर्यंत दाखवलं नाही.

पैसे परत मागितले तेव्हा "जशी आहे तशी दिली" एवढंच उत्तर आलं. पण सौद्याआधी त्याने व्हॉट्सॲपवर "५८ हजार ओरिजिनल, नॉन-ॲक्सिडेंट" असं लिहून पाठवलं होतं. तो मेसेज, सर्व्हिस सेंटरची छापील नोंद आणि अण्णांचं बिल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. कोणाची अशी फसवणूक झाली असेल तर लक्षात ठेवा, आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, त्याच्या वर थोडं भरावं लागतं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.